बाहेरून मारलेलं ठिगळ

बुधवारी सकाळी आदगोंडा मगदूम आंघोळीला बसला तेव्हा त्याच्या पाठीची गळती बुजवलेली होती, आणि ती त्याच्या बायकोनं बुजवलेली नव्हती.

त्रिशलानं तांब्या खाली ठेवला. पाठ कोरडी ठणठणीत होती. उजव्या खांद्याखाली, जिथं परवापर्यंत पाण्याची धार लागलेली होती, तिथं आता तळहाताएवढं काळं रबरी ठिगळ होतं. कोपरे गोल कापलेले, कडा दाबून बसवलेल्या, मधे एक सुरकुती नाही. काम गबाळं असतं तर तिनं एकवेळ पोटात घातलं असतं. पण हात चांगला होता आणि तेच तिला झोंबलं.

सूतगिरणीच्या कॉलनीत आदगोंडाच्या पाठीचं कुणाला नवल नव्हतं. गिरणीमागच्या माळावर आग विझवायच्या पाण्याची मोठी टाकी होती. पोलादी पत्र्यांची, बोल्टांनी जोडलेली आणि आतून रबराचं अस्तर लावलेली. आदगोंडा तिचा राखणदार. टाकी जिथं गळायची तिथं तो गळायचा. टाकी वरच्या अंगाला पाझरली की त्याचा खांदा भिजायचा, तळाशी पाझरली की शर्टाचा घोळ. टाकी धुवायला उतरवली, म्हणजे रिकामी केली, की तो इतका हलका व्हायचा, की त्या दिवशी घरात पंखा लावायची सोय नसायची. लग्न जमवताना सासूनं यातलं काही सांगितलं नव्हतं. "पोरगं कष्टाळू हाय, जरा घाम लई येतो," एवढंच ती माउली म्हणाली होती.

त्रिशला काही कपाळाला हात लावून बसणाऱ्यातली नव्हती. तिच्या माहेरी तीन पिढ्या वाकळा शिवत आलेल्या. जुनेराची मऊ घडी करून ती त्याच्या पाठीला बांधायची, भिजली की पिळायची आणि दुसरी बांधायची. आठ-पंधरा दिवसांत गळती थांबायची. पिळलेलं पाणी ती परसातल्या कढीपत्त्याला घालायची, त्यामुळे कॉलनीत कुणाच्याही आमटीला फोडणी पडायची ती मगदुमांच्या घरच्या पाल्यानं. एकोणीस वर्षं ही पाठ तिनं सांभाळली होती. माणूस दिवसभर गिरणीचा असला तरी पाठ आपली, असं तिनं मनाशी पक्कं ठरवून टाकलं होतं.

"कुणी लावलं हे?" तिनं विचारलं.

"काय?"

"पाठीवर."

"टाकीत आतनं लावलंय. काल."

"कुणी?"

"अस्तरवालीनं," आदगोंडा म्हणाला आणि त्यानं साबणासाठी हात मागं केला.

साबण तिच्याच हातात राहिला. "कोण अस्तरवाली?"

"टाकीत असती की. आतलं ती बघती, भायेरचं मी बघतो. मी भायेरनं ठोकायचं, तिनं आतनं ठोकून सांगायचं, हितं हाय म्हणून. एकट्याचं काम न्हवं ते."

"कवापासनं असती?"

"अस्तर बसवलं तवापासनं. आपल्या लग्नाच्या आदल्या साली."

"आन् मला कधी बोलला न्हाईसा."

"तू कधी इचारलं न्हाईस. आन् दिसत तरी कुठं होतं? या खेपेला गंजानं पत्रा पार आरपार खाल्ला, म्हणून ठिगळ भायेरनं दिसायलंय. न्हाईतर आतलं काम कुणाला दिसतंय?"

एवढं बोलून त्यानं स्वतःच साबण घेतला आणि अंगाला फासला. नंतर तो शीळ घालत कपडे चढवून कामावर गेला. एकोणीस वर्षांत त्यानं शीळ घातलेली तिला आठवत नव्हती. जाताना त्यानं डबा उचलला, आणि डब्यात आता चार भाकरी असतात हे तिला आठवलं. दोन महिन्यांपूर्वी "एक जादा दे" म्हणाला होता, तेव्हा तिला बरंच वाटलं होतं. तीनच्या वर चौथी भाकरी त्यानं आयुष्यात खाल्ली नव्हती.

पिळायला काही नव्हतं, म्हणून ती शेजारी मालन शिरगुप्पेकडे गेली. मालन तांदूळ निवडत बसली होती.

"अगं, मग सुटलीस की!" मालन म्हणाली. "रोज फडकी धूत बसायचं, त्यापेक्षा बरं."

"तुला ठावं होतं?"

"सगळ्यांस्नी ठावं हाय. आमचे हे तर म्हणत्यात, तिचा हात सोन्याचा हाय."

"तुझ्या ह्यांना काय करायचंय तिच्या हाताशी?"

"मला काय करायचंय, ते बोलतात ते सांगितलं. आन् उगं सवत-बिवत मनात आणू नकोस हं. सवत मागनं येती. ही तुझ्या आधीची." मालननं एक खडा उचलून अंगणात फेकला. "आणि भाकरी जाड असती म्हणाली म्हणं."

"कोण म्हणाली?"

"तीच की. ठोकून सांगितलं."

त्रिशला घरी आली आणि दिवसभर काहीबाही आपटत राहिली. हे सगळं तिला भयंकर लागलं होतं. नवऱ्यानं दुसरीला साडी नेली असती, गजरा नेला असता, तर चार माणसांत ओरडता तरी आलं असतं. पण दुसरीनं आपल्या नवऱ्याची गळती बुजवली, हे गाऱ्हाणं कुणापुढं न्यायचं?

बुधवारी वाऱ्यावर कसाबसा जाऊन आलेला आदगोंडा गुरुवारी घरीच होता. ठिगळ लावलं की तीन दिवस टाकी कोरडी ठेवायची रीत होती, आणि टाकी कोरडी म्हणजे तोही हलका. त्याच्या मांडीवर पाटा ठेवून तिनं त्याला पडवीत बसवलं आणि हातात चहा दिला. मग आतून उलथनं आणलं.

"काय करतीस?"

"बघती."

उलथन्याची कड ठिगळाखाली सहज शिरेना. कोपरे गोल होते, धरायला टोक नव्हतं. तिनं दातओठ खाऊन जोर लावला तेव्हा ठिगळ सुटलं आणि त्याखाली हरभऱ्याएवढं भोक दिसलं. तिनं त्याला डोळा लावला.

आत पिवळा उजेड होता. रबराच्या भिंती लांबवर गेलेल्या होत्या, आणि जवळच एक हात दिसत होता, मनगटापासून कोपरापर्यंत. हातात बांगडी नव्हती. समोर आदगोंडाचा कालचा डबा उघडा पडला होता. हातानं भाकरीचा तुकडा मोडला, कुणीतरी तो नाकाशी नेऊन हुंगला, मग खाल्ला. त्यानंतर बोटं थांबली. आपल्याकडे कुणी बघतंय हे त्या बोटांना कळलं असावं.

"काय दिसलं?" आदगोंडानं विचारलं.

"काय न्हाई. चहा प्या गार व्हायच्या आधी."

तिनं वाकळीचं गाठोडं सोडलं. त्याची जुनी खाकी पॅन्ट, तिचं जुनं पातळ, पुन्हा पॅन्ट, पुन्हा पातळ, असा चार पदरी तुकडा केला. दोऱ्याला मेण चोळलं आणि धावदोऱ्यानं तो तुकडा त्याच्या पाठीवर शिवायला घेतला. सुई आत जाताना पत्र्याचा बारीक आवाज होत होता.

"दुखतंय?"

"पत्र्याला काय दुखायचंय."

एका रांगेनं भागलं असतं. तिनं चार घातल्या. आपला टाका कॉलनीतल्या कुठल्याही बाईला दहा पावलांवरून ओळखू यायचा, हे तिला माहीत होतं, आणि आतल्या बाईलाही तो कळावा म्हणून तिनं तो आणखी बारीक घातला. काळं ठिगळ तिनं चुलीत टाकलं. घरभर रबर जळल्याचा वास सुटला तरी तिनं खिडकी उघडली नाही.

शुक्रवारी टाकी अर्धी भरली. आधी अर्धी भरून बघायची आणि चार दिवसांनी काठोकाठ, असा गिरणीचा नियम. संध्याकाळी तिनं नवऱ्याला दिव्याखाली उभं केलं, शर्ट वर केला, आणि शिवणीवरून बोटं फिरवली. थेंब नव्हता. तिनं दोनदा बघितलं. मग तिनं गूळ घालून शेवया केल्या आणि मालनकडे वाटीभर पाठवल्या.

शनिवारी आदगोंडा खुर्चीत बसला तेव्हा खुर्चीचे पाय फरशीत बोटभर गेले. चालताना त्याच्या आत कुठंतरी पाणी हेलकावत होतं, पण पोटात नाही, छातीतही नाही. कातडीच्या लगेच आत, सगळीकडून. तिनं त्याला आंघोळ घातली तेव्हा पाठ तिच्या हाताखाली लुसलुशीत लागली आणि बोट दाबलं की खळगा तसाच राहिला. शीळ थांबली होती. याचंही तिला खरं सांगायचं तर बरं वाटलं.

रविवारी टाक्यांच्या भोवती तांबूस कड आली. पाण्याला लोखंडाची चव लागू लागली, आमटीला लागू लागली. त्याच दिवशी स्वयंपाकघराच्या भिंतीला बोल्ट आले. वीतभर अंतरावर एक, अशा सरळ रांगा. कॅलेंडरचा खिळा पडला तो पुन्हा ठोकता येईना, भिंतीतून नुसता ठणठण आवाज यायचा. पुढची खोली थोडी वाकली होती, त्यामुळे कपाट भिंतीला चिकटून राहीना. त्रिशलानं त्यामागं पोतं कोंबलं आणि पोळ्या लाटायला बसली. घरात माणूस आपला आहे, तर भिंतीचं काय एवढं, असं ती स्वतःशी म्हणाली.

सोमवारी सकाळी गिरणीचे टाकी तपासनीस दड्डीकर आले. दार अर्धं गोल झालेलं असल्यानं त्यांना वाकून आत यावं लागलं. त्यांनी खिशातून लहानशी हातोडी काढली, आदगोंडाला पाठमोरा उभा केला, आणि खांद्यापासून कमरेपर्यंत ठोकत, कान लावत आले. वर आवाज खणखणीत होता. शिवणीच्या भोवताली तो भिजल्या मडक्यासारखा बद्द झाला.

"हे ठिगळ बाहेरून कुणी मारलं?" त्यांनी विचारलं.

त्रिशलानं आदगोंडाकडे बघितलं. तो भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"तिनं," ती म्हणाली. "अस्तरवालीनं."

"नाही हो वहिनी." दड्डीकरांनी मान हलवली. "ती असलं कधी करणार नाही. वीस वर्षं आत काढलीत तिनं, तिला कळतं. अस्तराची टाकी बाहेरून बुजवायची नसते. पाणी गळायचं थांबत नाही, फक्त दिसायचं थांबतं. अस्तर आणि पत्रा यांच्या मधे साचून राहतं आणि पत्रा आतून खातं. हा बघा, पापडाएवढा पातळ राहिलाय."

"मग काढा शिवण."

"आता काढली तर तिच्याबरोबर पत्राही येईल हातात. उद्या काठोकाठ भरायचीय. आगीची टाकी, अर्धी ठेवून चालत नाही. भरली की इथून फाटणार."

"आन् ह्यांचं?"

"ह्यांचं म्हणजे?" दड्डीकरांना प्रश्न कळला नाही. "तेच की."

त्रिशलाच्या हातातला पेला पडला. तो घरंगळत वाकलेल्या जमिनीवरून खोलीच्या मधोमध जाऊन थांबला. ती घाबरली होती. नवरा दुसरीचा होईल या भीतीनं तिनं चार रांगा घातल्या होत्या, आणि आता तो कुणाचाच राहणार नव्हता.

"आतनं बुजवलं तर?" तिनं विचारलं.

"तर टिकेल. उद्या सकाळी टाकी उतरवतो, तेवढ्यात आतून झालं पाहिजे, या खेपेला तीन दिवस वाळवायला सवड नाही. पण ती रुसलीय. गुरुवारपासून ठोकतोय, आतून उत्तर नाही."

"रुसती कशापायी? तिचं काय गेलंय रुसायला?" त्रिशला एकदम भडकली. "मी जाते आत."

"ह्या कामाला दोन हात पुरत नाहीत, वहिनी. एकीनं पत्रा दाबून धरायचा, एकीनं रबर चिकटवायचं. धरणारीनं हात काढला तर पत्रा जाईल."

"मला चार हातांचं काम एकटीनं करायची सवय हाय," ती म्हणाली.

मंगळवारी घराचं दार इतकं लहान झालं होतं, की दोघं एकामागोमाग एक सरपटत बाहेर आली. टाकी उतरवल्यामुळं आदगोंडा पुन्हा हलका झाला होता, पण मधलं पाणी तसंच होतं, त्यामुळं वाऱ्यावर तो एका अंगाला कलून चालत होता. तिनं त्याचं मनगट धरलं आणि माळ चढली. दड्डीकर व्हॉल्व्हपाशी घड्याळ बघत उभे होते. टाकीच्या पोटाला, जमिनीपासून हातभर उंचीवर, मॅनहोलचं गोल झाकण उघडलेलं होतं.

"बांगड्या काढा," दड्डीकर म्हणाले. "जोडवी, केसातले आकडे, मंगळसूत्र, सगळं. अस्तराला ओरखडा चालत नाही."

बांगड्या काढताना तिला तो मोकळा हात आठवला. जोडवी निघेनात, तेव्हा थुंकी लावून काढली. मंगळसूत्रापाशी ती थांबली.

"काढ की," आदगोंडा म्हणाला. "ती बी काढूनच गेलती."

"काय काढलं तिनं?"

"असंल ते."

"आन् कुणाजवळ ठेवलं?"

आदगोंडानं शर्टाच्या खिशावर हात ठेवला. तिथं काहीतरी बारीक वाजलं. एकोणीस वर्षं हे शर्ट तीच धूत आली होती आणि खिसा प्रत्येक वेळी रिकामा लागला होता. त्रिशलानं मंगळसूत्र काढून त्याच्या हातात दिलं, आणि तो ते कुठल्या खिशात ठेवतो हे नीट बघितलं. त्यानं त्याच खिशात ठेवलं.

मग तो मॅनहोलात वाकून म्हणाला, "अगं ए, ही यायलीय. जरा सांभाळून घे हिला."

'अगं ए' हे तिचं होतं. ते त्यानं आजवर तिच्याशिवाय कुणाला म्हटलेलं तिनं ऐकलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं तसं ते तिनं पदरानं पुसलं, दड्डीकरांनी दिलेला रबराचा तुकडा आणि चिकटवायच्या सोल्यूशनचा डबा काखेत मारला आणि आत शिरली.

बाहेरून टाकीला वळसा घालायला शंभर पावलं लागायची. आत ती बराच वेळ सरळ चालत राहिली तरी समोरची भिंत येईना. पायाखाली रबर मऊ होतं आणि कोमट होतं. भिंतींवर जागोजागी ठिगळं होती, आणि थोडं चालल्यावर तिला ती ओळखू येऊ लागली. हे डाव्या खांद्याचं, आता शिकायला परगावी असलेल्या लेकीच्या बारशाच्या वेळचं. तेव्हा ती बाळंतीण असून उठून फडकी पिळत होती. हे मानेजवळचं, टायफॉइड झाला त्या साली तो रात्रंदिवस पाझरत होता तेव्हाचं. तो ताप मी घड्या ठेवून उतरवला, असं ती आजवर माहेरी-सासरी सगळ्यांना सांगत आली होती. इथं त्या जागी एकावर एक तीन ठिगळं होती, गोल कोपऱ्यांची, एकही सुरकुती नसलेली. ती पुढं गेली. कमरेचं होतं, पाठीच्या कण्याचं होतं, सासू गेली त्या आठवड्याचं होतं. तिनं थांबवलेली प्रत्येक गळती इथं आतून बुजवलेली होती.

फडक्यांनी नुसतं पाणी टिपलं होतं. एकोणीस वर्षं टिपलं होतं.

ती बाई भिंतीला टेकून बसली होती. त्रिशलाच्याच वयाची, केसांची नुसती गाठ मारलेली, अंगावर फुटका मणी नाही. देखणी असती तर त्रिशलाला सोपं गेलं असतं. ती चारचौघींसारखी होती. तिच्या डोक्यावरच्या भिंतीतून चार रांगांतल्या टाक्यांचा मेणाचा दोरा आत आलेला दिसत होता आणि त्याखाली अस्तराला हंडाभर पाण्याचा फुगवटा आला होता.

"आलीस?" ती म्हणाली.

"आले."

"टाका बारीक हाय तुझा."

"तुझा बी हात बरा हाय."

"माझं ठिगळ काय केलंस?"

"चुलीत घातलं."

बाईनं मान हलवली, जणू तिनं तेच केलं असतं. "भाकरी जाड थापतीस तू," ती म्हणाली.

"तुझ्यासाठी थापत न्हवते."

मग बाईनं विचारलं, "च्या पिताना कसा दिसतो?"

"कोण?"

"मला नुस्तं ठोकलेलं ऐकू येतं. वीस वर्सं. बशीतनं पितो का कपातनं?"

त्रिशलाला हे फार गोड वाटलं. या एका गोष्टीत ती मालकीण होती. "न्हाई सांगणार," ती म्हणाली.

"नको सांगू. ताप आला की आतनं कसा थरथरतो ते तुला तरी कुठं ठावं हाय?"

बाहेरून हातोडीचा ठोका पडला. आदगोंडा विचारत होता. दोघी उठल्या. बाईनं फुगवटा खालच्या अंगाला कापला, तांबडं पाणी भळभळ वाहून पायांवरून गेलं आणि अस्तर बाजूला करताच पत्रा दिसला. पापडाएवढासुद्धा नव्हता. उजेड त्यातून झिरपत होता आणि टाक्यांच्या रांगा त्याला कशाबशा धरून होत्या. वाऱ्याच्या झुळकीनं तो आत-बाहेर हलला. त्रिशलानं झटकन तळवा लावला. त्याच क्षणी बाईनंही लावला. पत्रा हलायचा थांबला.

"तू धरून ऱ्हा," त्रिशला म्हणाली. "मी चिकटवते."

"तुला जमायचं न्हाई. तू धर. मी चिकटवते."

"माझा नवरा हाय."

"माझी टाकी हाय."

"मी बिघडवलं, मीच निस्तरते."

"आजवर कोण निस्तरत आलंय?"

रबराचा तुकडा आणि सोल्यूशनचा डबा दोघींच्या पायाशी पडला होता. जी वाकेल तिला हात काढावा लागणार होता, आणि जी हात काढेल तिला मग तो पुन्हा ठेवायला मिळणार नव्हता. चिकटवणारीचं ठिगळ जन्मभर राहणार होतं हे खरं, पण आत्ता या घडीला त्याला सावरून धरलं होतं ते तळव्यानं. त्रिशलानं बाईकडे बघितलं. बाई तिच्याकडेच बघत होती आणि तिच्याही मनात हेच चाललेलं उघड दिसत होतं. दोघींनी हात जास्तच घट्ट दाबले.

बाहेरून आदगोंडाचा आवाज आला, लांबून आल्यासारखा. "झालं का गं?"

कुणाला विचारलं ते कळायला मार्ग नव्हता. 'अजून न्हाई' म्हणावं तर दुसरीपुढं नाक खाली. त्रिशलानं तोंड उघडलं, आणि दोघी एकदमच ओरडल्या, "झालं!"

मॅनहोलचं झाकण बसल्याचा आवाज आला. मग बोल्ट आवळल्याचे, एकामागोमाग एक. लांब कुठंतरी दड्डीकरांनी व्हॉल्व्ह फिरवला आणि पाणी आत येऊ लागलं. आधी घोट्याला लागलं, मग पिंढरीला. रबराचा तुकडा तरंगत त्यांच्यामधून निघून गेला, डबा त्याच्यामागून गेला. दोघींनी ते जाताना बघितलं.

"एकीनं तरी त्याच्यामागं गेलं पायजे," बाई म्हणाली.

"जा की मग," त्रिशला म्हणाली.

कुणी हललं नाही. पाणी गुडघ्यावर आलं तसा बाहेरचा आदगोंडा भरत गेला असावा, जड झाला असावा, कारण पत्र्यापलीकडे त्याची पावलं वाजली आणि तो टाकीला पाठ लावून टेकून उभा राहिला. अगदी त्याच जागी. पापडाएवढ्या पत्र्यातून त्याच्या पाठीची ऊब आत आली आणि दोघींच्या तळव्यांना लागली. बाईनं डोळे मिटले. त्रिशलानं मिटले नाहीत. पाणी कमरेला आलं तेव्हा तिनं आपली बोटं हळूच थोडी फाकवली, म्हणजे दुसरीच्या तळव्याला ऊब कमी मिळेल.